दुपारी बारा ते पाच, लेकरांचं करायचं काय?

नागपूरच्या मानेवाड्याकडून एका आईचं पत्र आलं आहे. मोठं होतं, थोडक्यात देते:

"आम्ही मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआऊटमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. मोठी मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. नवरा मिहानच्या औद्योगिक भागात कामाला आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. मी घरूनच दोन दुकानदारांचे हिशेब करते, रोजचे तीनेक तास. शाळेला सुट्ट्या लागल्यापासून दुपार अंगावर येऊन राहिली आहे. बाहेर जाळ, आत एक कूलर, आणि त्या एका खोलीत आम्ही सगळे. मोठी मोबाइल सोडत नाही. काढून घेतला की आदळआपट, आणि खालून घरमालक काका ओरडतात. संध्याकाळी खाली सोडावं तर गाड्या आणि कुत्रे. सासूबाई म्हणतात, दोघांनाही महिनाभर काटोलला पाठवून दे. माझ्या आईने आम्हा पाच भावंडांना वाढवलं, मला दोन आवरत नाहीत. मी कुठे कमी पडते?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कुठेच नाही. तुमच्या आईने पाच लेकरं वाढवली खरी, पण एकटीने वाढवली का, हे तिलाच एकदा विचारा. घरात आजी असेल, शेजारी काकू असतील, थोरलीने धाकट्याला कडेवर घेतलं असेल. तुमच्या घरी लेकरं दोन आणि दुपारच्या वेळी जागं मोठं माणूस एकच, तेही हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलेलं. त्यामुळे चांगली आई कसं व्हावं यावर मी एक ओळही लिहिणार नाही. तुमच्या घरी दोनच गोष्टी चुकल्या आहेत. दिवसाचं घड्याळ शाळेच्या हिशेबाने चालू आहे, नागपूरच्या उन्हाच्या नाही. आणि लेकरांमागे माणसं कमी आहेत. दोन्ही बदलता येतात.

मात्र त्याआधी कूलर. तुम्ही त्याचा उल्लेख एका वाक्यात केला आणि पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातली सगळ्यात धोक्याची वस्तू गॅस नाही, कूलर आहे. पत्र्याची बॉडी, आत पाण्याची मोटर, खाली ओली फरशी आणि आसपास अनवाणी लेकरू. मोटरची वायर आत कुठेतरी सोललेली असते, अर्थिंग नुसतं नावाला असतं, आणि सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात लहान मुलं असतात. दीड वर्षाचं पोर जे दिसेल ते धरून उभं राहतं. कूलरची जाळी नेमकी त्याच्या उंचीवर येते.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि दोन कामं सांगा. कूलर ज्या प्लगला लागतो त्याचं अर्थिंग खरंच लागलेलं आहे का, हे मीटर लावून बघायला सांगा. आणि मेन बोर्डवर करंट गळला की लाइन तोडणारं 30 मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी आहे का ते बघायला सांगा. नसेल तर बसवून घ्या. घर भाड्याचं आहे म्हणून घरमालकांना विचारावं लागेल. त्यांनी खर्चाला नाही म्हटलं तर खर्च तुम्ही करा, पण काम थांबवू नका. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. घाईत अर्धं नागपूर चालू कूलरमध्ये पाइप सोडतं, हे मला माहीत आहे. तुमच्या घरी तसं होऊ देऊ नका. वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर लोळू देऊ नका. जमलं तर कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर ठेवा. मग खिडकीला गज हवेतच आणि आत चढायला पलंग किंवा खुर्ची लावलेली नको. पहिल्या मजल्यावरून पडणं ही काही लहान गोष्ट नाही.

टाकीचंही तेच. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करा, आतल्या कडा ब्रशने घासा आणि वाळू द्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि ती अंडी भिंतीला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, घासायला हवं. हा डास दिवसा चावतो. कूलर बंद करून माळ्यावर टाकतानाही हेच करा, नाहीतर पावसाळ्यात त्यातच पाणी साचतं. आणि नळाला पाणी नसण्याच्या भीतीने भरून ठेवलेले ड्रम, बादल्या? झाकण लावा, बाथरूमची कडी वरून लावा. दीड वर्षाचं मूल बादलीत डोकावलं आणि तोल गेला तर वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाजसुद्धा होत नाही.

आता घड्याळ. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं, आणि आठपर्यंत बाहेर फिरता येतं. तेच तुमचं मैदान. शाळा असताना सकाळ म्हणजे डबा, वेणी, बूट आणि व्हॅनचा हॉर्न. सुट्टीत ती सकाळ मोकळी असते, आणि आपण ती झोपण्यात घालवतो. मग पोट्टे नवाला उठतात, दूध-नाश्ता होईस्तोवर अकरा वाजतात, आणि साठलेली सगळी ताकद नेमकी बारा वाजता बाहेर येते, जेव्हा दार उघडता येत नाही. खालच्या काकांच्या डोक्यावर जी धावपळ होते ती सकाळी न झालेली धावपळ आहे.

सहाला उठवा. पहिले चार दिवस कुरकुर होईल, पाचव्या दिवशी दुपारी आपोआप डोळे मिटतील. सकाळी लेआऊटमधल्या मोकळ्या प्लॉटवर, नागपूर सुधार प्रन्यासच्या किंवा महापालिकेच्या जवळच्या बागेत, नाहीतर घरासमोरच्या रस्त्यावर खेळू द्या. त्या वेळी रस्त्यावर पेपरवाला आणि दूधवाला सोडले तर गाड्या नसतात. सायकल, चेंडू, माती, काय हवं ते. आठला आत, आंघोळ, पोटभर नाश्ता. नवऱ्याची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात ही सकाळ बापाची. रात्री बाराला झोपणाऱ्याने सहाला उठावं असं मी म्हणत नाही, पण साडेसहा ते आठ त्याने न्यावं. रात्रपाळीच्या आठवड्यात त्याला दिवसा झोप लागतेच, त्या आठवड्यात ही अपेक्षा सोडा, आणि "दिवसभर घरी असतो ना" हे स्वतःच्या डोक्यातून काढून टाका. झोपलेला माणूस घरी नसतो.

दुपारी जेवण साडेबारापर्यंत. मग खोली अंधारी करा. खिडकीला जाड चादर, पाण्यात पिळून लावली तर आणखी बरं. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी किंवा दार बोटभर उघडं ठेवा. आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर इथे छान चालतो, पण हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते, लेकरं चिकचिक करतात. एक ते साडेतीन झोप, किंवा निदान आडवं पडणं. पाच वर्षांचीला झोप येत नसेल तर झोप म्हणू नका, "पडून राहा, गोष्ट ऐक" म्हणा. तुम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणजे बहुतेक वर थेट स्लॅब. घरमालक तयार असतील तर गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. पांढरा रंग ऊन परत फेकतो, संध्याकाळी खोली भट्टीसारखी तापत नाही, आणि काकांचंच घर सुधारतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. तहान लागायची वाट न बघता घोटघोट पाणी, ताक, कैरीचं पन्हं, टरबूज. रस्त्यावरचा गोळा नको, तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते कोणी सांगू शकत नाही. जुलाब-उलटी झाली तर मेडिकलमधून ओआरएसचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवा. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, पोर सुस्त पडलंय किंवा अंग तव्यासारखं तापून बडबडतंय, तर लिंबू-कांद्यात वेळ घालवू नका. कपडे काढा, ओल्या फडक्याने अंग पुसत पंख्याखाली ठेवा आणि तसंच दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर 108 ला फोन. उन्हाच्या तापाला पॅरासिटामॉल लागू पडत नाही. ते देऊन "बघू तासाभराने" असं म्हणणं फार महागात पडतं.

मोबाइल. तुम्हाला यावर प्रवचन अपेक्षित असेल, पण तीन तास हिशेब करणाऱ्या बाईला "मोबाइल देऊच नका" म्हणणारा माणूस स्वतः कधी लेकरं सांभाळत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलं ते असं: एक वर्षाच्या बाळाला पडद्यासमोर बसवणं नकोच, दोनपासून चारपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, आणि जितकं कमी तितकं चांगलं. म्हणजे धाकट्याला अजून काही महिने वर्ज्यच समजा. मोठीला एक तास द्या, पण तो तिच्या रडण्यावर नको, घड्याळावर हवा. रोज साडेतीन ते साडेचार. रडली म्हणून अडीचला मिळत नाही, शहाण्यासारखी वागली म्हणून बक्षीसही मिळत नाही. आदळआपट मोबाइल काढून घेण्याची नसते, कधी काढून घेतील याचा भरवसा नसण्याची असते. शक्य असेल तर हातातल्या मोबाइलऐवजी टीव्ही लावा. लांबून बघितलं जातं, काय चाललंय ते तुम्हाला स्वयंपाकघरातून ऐकू येतं, आणि पुढचा व्हिडिओ आपणहून सुरू होत राहत नाही. जेवताना मात्र दोन्ही बंद. धाकटा मोबाइलशिवाय घास घेत नसेल तर दोन दिवस कमी जेवेल, तिसऱ्या दिवशी वरणभात खाईल.

आता माणसं. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं जमलं आणि हे जमलं नाही तर जूनपर्यंत तुम्ही पुन्हा पत्र लिहाल.

तुमच्या लेआऊटमध्ये बायकांची भिशी आहे ना? नसेल असं होणार नाही. तशीच लेकरांची भिशी लावा, पैशांऐवजी तासांची. तीन घरं पुरे. चार झाली की जबाबदारी कोणाचीच उरत नाही. प्रत्येक घराचे आठवड्यातले दोन दिवस ठरलेले, वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा, म्हणजे जाण्या-येण्यात भर दुपारचं ऊन लागत नाही. तुमच्या दोन दिवशी तीन-चार लेकरं तुमच्याकडे, उरलेल्या चार दिवशी मोठी दुसऱ्यांकडे. धाकटा अजून लहान आहे, तो घरीच राहील, पण तो बहुतेक त्या वेळी तासभर झोपतो. चार दिवस रोज दोन-अडीच तास आणि दुपारच्या झोपेचा एक तास, तुमचे हिशेब तिथे बसतात. तुमच्या दोन दिवशी मात्र हिशेबाची वही उघडू नका. भिशी तिथेच मोडते.

सुरुवात मागण्याने करू नका, देण्याने करा. तिच्या वर्गातली किंवा गल्लीतली दोन पोरं आधी तुमच्या घरी बोलवा, दोनदा-तीनदा. मुरमुऱ्याचा चिवडा, जुने पेपर, रंग, बादलीभर पाण्यात बाहुल्यांच्या आंघोळी, आणि तुम्ही समोर बसून. मग त्यांच्या आयांना विचारा. अशा बाया कुठे भेटतात? व्हॅन यायची तिथे, भाजीच्या ठेल्यावर, संध्याकाळी बागेत बाकावर. त्या प्रत्येकीची दुपार तुमच्यासारखीच जाऊन राहिली आहे. कोणी आधी बोलत नाही इतकंच.

नियम मात्र पहिल्याच दिवशी तोंडावर बोलून घ्या, नंतर बोललं की भांडण वाटतं. आजारी लेकरू येणार नाही. खाणं आपापल्या डब्यातलं. हात कोणीच उचलायचा नाही, आपल्या पोरावरही नाही, दुसऱ्याच्या तर नाहीच. मोबाइल कोणत्याच घरी नाही. आणि घरात त्या वेळी आणखी कोण कोण असतं, हे सरळ विचारायचं. दीर, भाडेकरू, पाहुणा, कोणीही. यात संशय घेण्यासारखं काही नाही. मुलं आईच्याच नजरेखाली राहतील, बंद खोलीत कोणाबरोबर जाणार नाहीत, एवढं ठरलं की झालं. मोठीलाही सांगून ठेवा की अंगाला नको तिथे कोणी हात लावला, किंवा "आईला सांगू नको" असं कोणी म्हटलं, तर त्याच दिवशी आईला सांगायचं आणि आई रागावणार नाही. एखाद्या घरी ती जायला नाही म्हणू लागली तर ओढून पाठवू नका, आधी कारण काढा.

खालच्या काकांना या सगळ्यात विसरू नका. त्यांची तक्रार बहुधा दुपारी दोन ते चारची असेल, म्हातारपणी तेवढीच झोप लागते. नवं घड्याळ लागलं की ती वेळ आपोआप शांत होईल. तोवर खोलीभर सतरंजी अंथरा आणि खुर्चीच्या पायांना रबर लावा. एकदा खाली जाऊन काकूंना सांगा की दोन ते चार आवाज होणार नाही, पण सकाळी सातला अंगणात अर्धा तास खेळू देता का? नुसती माफी मागून आलात तर पुढच्या वेळी पुन्हा माफीच मागावी लागेल. काही ठरवून या. आणि काका-काकूंवर लेकरं सोपवू नका. ते आपणहून म्हणाले तर वेगळं.

संध्याकाळी साडेसहानंतर खाली सोडा, पण सोबत जा. गल्लीच्या गुळगुळीत सिमेंट रोडवर गाड्या सुसाट येतात. तीन आया तिथे खुर्च्या टाकून बसल्या तर गाडीवाले आपोआप हळू होतात, हा माझा जुना अनुभव आहे. कुत्र्यांचं असं की मुलांना पळायचं नाही हे शिकवा. कुत्रा अंगावर आला तर हात जवळ घेऊन खांबासारखं उभं राहायचं, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ आणि खात असलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या. पहिल्या दिवसानंतरचे डोस चुकवू नका, जखम भरली तरी.

आठवड्यातून एखादा दिवस सगळ्यांना बाहेर काढा, तुम्हालाही बरं वाटेल. रमन विज्ञान केंद्र पाच वर्षांच्या मुलीला पुरून उरतं. काहीच सुचलं नाही तर मेट्रोत बसा, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत आणि परत. गार हवा, खिडकी, आणि धाकट्याला गाड्या मोजायला. महाराजबाग सकाळीच करा, दुपारी प्राणीही सावलीत पडलेले असतात.

राहिलं काटोल. दोघांना महिनाभर नको. धाकटा दीड वर्षाचा, आईशिवाय महिना त्याला फार मोठा, आणि ऊन काटोललाही तेवढंच आहे. मोठीची इच्छा असेल तर तिला आठ-दहा दिवस पाठवा. आजी-आजोबांचं घर, संत्र्याची बाग, चुलत भावंडं, हे तिला इथे कोणतीच भिशी देणार नाही. शनिवारी नवऱ्याने सोडून यावं, पुढच्या शनिवारी घेऊन यावं. आपल्याकडे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे घाई नाही. फक्त पाठवण्याआधी शेतातल्या विहिरीला कठडा आहे का, शेततळ्याला कुंपण आहे का, घरची टाकी झाकलेली असते का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्या. सुनेने विचारलं तर "आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का" असं ऐकावं लागेल. म्हणून तो फोन नवऱ्याला करायला लावा. त्याची आई आहे.